'इथे कुणीच नाही!' : मालदीवच्या निवांत बेटांची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर हेडफोन लावा.)

आजचा भाग एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवरून सुचलाय.

माझी मावसबहीण गेल्या महिन्यात हनिमूनला मालदीवला गेली. पहिल्याच दिवशी फोटो आला. पांढरी वाळू, निळंशार पाणी, लाकडी खोलीच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरलेल्या आणि हातात शहाळं. खाली लिहिलं होतं, "दादा, इथे कुणीच नाही रे! अख्खं बेट आमचंच!"

मी रीतसर जळलो, बदामाचा इमोजी पाठवला आणि फोन ठेवला. पण ते 'कुणीच नाही' काही डोक्यातून जाईना. कारण बेट म्हटलं की आमच्या घरात आधी वेगळाच शब्द आठवतो. आजीच्या तोंडी अंदमान कधी नुसतं 'अंदमान' नसायचं, 'काळं पाणी' असायचं. सावरकर १९११ साली तिथल्या सेल्युलर जेलमध्ये गेले आणि दहा वर्षांनी भारताच्या मुख्य भूमीवरच्या तुरुंगात परत आले. बेटावर पाठवणं ही इंग्रजांची सगळ्यात कडक शिक्षांपैकी एक. आणि आज? आपल्यापैकी कितीतरी जण त्याच अंदमानात हनिमूनला जातात. सकाळी जेलची कोठडी बघायची, संध्याकाळी बीचवर सेल्फी.

मग मी मालदीवचा इतिहास वाचायला घेतला आणि एका माहितीपाशी थबकलोच. मालदीवचं पहिलं रिसॉर्ट ज्या बेटावर १९७२ साली सुरू झालं, त्याच बेटावर त्या देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा मृत्यू झाला होता. पदावरून काढलेले, जमावाने मारलेले, जखमी राष्ट्राध्यक्ष. त्यांची कबरही तिथेच.

म्हणजे ज्या एकांतासाठी आज लोक लाखो रुपये मोजतात, तोच एकांत एकेकाळी माणसाला शिक्षा म्हणून दिला जायचा. आजची गोष्ट याचीच. हा 'कुणीच नाही' कुठून आला, कुणी बनवला आणि त्यासाठी कुणाकुणाला बाजूला व्हावं लागलं?

कवडीचा देश

आधी नकाशा उघडू. केरळच्या किनाऱ्यावरून नैर्ऋत्येकडे खाली या. समुद्रात उत्तर-दक्षिण पसरलेली ठिपक्यांची माळ दिसेल. तेच मालदीव. साधारण १२०० बेटं, त्यातल्या जेमतेम २०० बेटांवर वस्ती. माळेची लांबी ८०० किलोमीटरच्या वर, पण सगळी जमीन एकत्र केली तर साधारण ३०० चौरस किलोमीटर. आपली मुंबई याहून मोठी आहे! आणि उंची? देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरच्या आतबाहेर. आपल्याकडे घराचा पहिला मजलाही त्याहून वर असतो.

ही बेटं प्रवाळाची. प्रवाळाचं गोल कडं, मध्ये शांत उथळ पाणी, कड्यावर छोटी छोटी बेटं. या रचनेला आपण भूगोलात 'अटोल' म्हणून शिकतो ना, तो शब्द मूळचा मालदीवचाच आहे. त्यांच्या भाषेने जगाला दिलेला शब्द. या भाषेचं नाव दिवेही. ती आपल्या मराठीसारखीच संस्कृतच्या कुळातली, सिंहलीची जवळची नातलग. 'दिवेही' या शब्दात 'द्वीप' लपलाय. ते आपल्या देशाला 'दिवेही राज्जे' म्हणतात. राज्जे म्हणजे राज्य. ऐकलं की परकं वाटतच नाही.

आपल्याशी आणखी एक नातं आहे, तेही रोजच्या बोलण्यातलं. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी देणार नाही', असं आपण म्हणतो. ही कवडी म्हणजे एका समुद्री गोगलगायीचं कवच, आणि तिचं जगातलं एक मोठं आगर होतं मालदीव. तिथल्या कवड्या जहाजं भरभरून बंगालला जायच्या आणि बदल्यात तांदूळ यायचा. बंगालच्या बाजारात कवडी हे सुट्टे पैसे म्हणून चालायचं. पुढे युरोपातले व्यापारी याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत घेऊन गेले आणि त्यांच्या बदल्यात तिथे माणसं विकत घेतली. तो वेगळ्याच भागाचा विषय आहे.

सांगायचा मुद्दा असा, की ही बेटं जगापासून तुटलेली कधीच नव्हती. १३४३ मध्ये इब्न बतूता तिथे पोचला आणि काझी होऊन बसला. अरब आले, पोर्तुगीज आले. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्यांनी मालेत दुकानं थाटली. 'एकाकी, अनोळखी, स्वप्नातलं बेट' ही सगळी नंतरची जाहिरात.

पहिला 'गेस्ट', पाच वर्षांचा मुक्काम

आता एक पाहुणा भेटवतो. फ्रान्स्वा पिरार. फ्रान्समधल्या लावाल गावचा.

१६०१ मध्ये सॅन मालो बंदरातून दोन फ्रेंच जहाजं मसाल्याच्या शोधात निघाली. त्यातल्या एकाचं नाव होतं 'कॉर्बिन'. नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. २ जुलै १६०२ ला हे जहाज मालदीवच्या प्रवाळावर आपटलं आणि फुटलं. काही खलाशी कसेबसे बेटावर पोचले.

तिथला कायदा असा की फुटलेल्या जहाजावरचा सगळा माल सुलतानाचा. वाचलेल्या खलाशांना बेट सोडून जायची परवानगी नाही. खायला मिळेना, तापाने माणसं पटापट मरू लागली. आज आपण ज्याला पॅराडाइज म्हणतो, तोच तो समुद्र, तीच वाळू, तेच माड. पण पिरारसाठी तो तुरुंग होता. बेटाला भिंत लागत नाही. होडी नाही मिळाली की झालं.

पिरार मात्र हुशार. तो दिवेही शिकला, सुलतानाच्या मर्जीतला झाला, सगळं डोळे उघडे ठेवून बघितलं. पाच वर्षं तिथे अडकला. १६०७ मध्ये बंगालहून आलेल्या एका आरमाराने मालेवर हल्ला केला, त्या गोंधळात तो सुटला. आणि फिरत फिरत पोचला कुठे, तर आपल्या गोव्यात! कैदी म्हणून आला, आजारी पडला, पोर्तुगीजांच्या इस्पितळात राहिला आणि त्या इस्पितळाचं त्याने तोंडभरून कौतुक केलं. १६१० मध्ये गोव्याहून निघून तो घरी गेला आणि पुस्तक लिहिलं. जुन्या गोव्याबद्दल वाचायला घ्या, पिरारचं नाव येतंच. आणि जुन्या मालदीवबद्दलही येतंच.

बेटच तुरुंग

पिरार परका होता. पण मालदीवच्या स्वतःच्या माणसांनाही बेटाची शिक्षा व्हायची, आणि ती अगदी अलीकडेपर्यंत.

पद्धत साधी. गुन्हा केला, किंवा सत्तेच्या विरोधात बोललात, की तुम्हाला दूरच्या बेटावर हद्दपार करायचं. तिथे गज नाहीत, कुलूप नाही. गावातले लोक आहेत, नारळ आहे, मासे आहेत. फक्त तुमचं घर नाही, बायकापोरं नाहीत आणि परत यायला होडी नाही. छोट्या बेटांच्या देशात मोठे तुरुंग बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडायचं. भिंतीचं काम समुद्र फुकटात करायचा.

या गोष्टीतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे मोहम्मद अमीन दीदी. (दीदी म्हणजे ताई नव्हे हं! तिकडच्या खानदानी घराण्यांत लावतात ती उपाधी.) कोलंबो आणि अलीगढला शिकलेला हा माणूस. शेकडो वर्षांची सुलतानी बाजूला सारून मालदीव १ जानेवारी १९५३ ला प्रजासत्ताक झालं आणि अमीन दीदी पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी जोर लावला, मासळीची निर्यात सरकारच्या हातात घेतली, तंबाखूवर बंदी आणली. काही लोकांना ते आवडले, काहींना अजिबात नाही. त्यात अन्नधान्याची टंचाई. लोक चिडलेले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते उपचारांसाठी सिलोनला गेलेले असताना इकडे त्यांची सत्ता उलथली. परत आल्यावर त्यांना मालेजवळच्या दूनिदू बेटावर ठेवलं. वर्ष संपता संपता त्यांनी सत्ता परत मिळवायचा प्रयत्न केला, तो फसला. मालेत जमावाने त्यांना बेदम मारलं. त्या जखमी अवस्थेत त्यांना विहामनाफुशी नावाच्या बेटावर नेलं. १९ जानेवारी १९५४ ला ते तिथेच गेले. तिथेच दफन झालं.

विहामनाफुशी. माडांचं छोटं बेट. मालेपासून आज स्पीडबोटीने दहा मिनिटांवर.

प्रजासत्ताकही त्यांच्यासोबत संपलं, सुलतान परत आला. पुढे २६ जुलै १९६५ ला इंग्रजांपासून स्वातंत्र्य मिळालं आणि १९६८ मध्ये दुसऱ्यांदा प्रजासत्ताक आलं. विहामनाफुशीवर मात्र माड वाढत राहिले.

दुसरा कॉर्बिन

आता येऊ १९७१-७२ मध्ये. मालदीव हा त्या वेळी अत्यंत गरीब देश. कमाई मासळीवर. टूना मासा उकडून, धुरी देऊन, कडकडीत वाळवायचा आणि श्रीलंकेला विकायचा. पण श्रीलंकेकडेच परकीय चलनाचा खडखडाट झाला आणि तिने ही खरेदी कमी केली. घरातलं एकच दुभतं जनावर आटावं, तशी गत झाली.

अशात कोलंबोमध्ये मालदीवच्या वकिलातीत काम करणाऱ्या अहमद नसीम नावाच्या तरुणाला एक इटालियन माणूस भेटला. प्रवास कंपनी चालवणारा, पोहण्याचा आणि डायव्हिंगचा शौकीन. त्याला माणसांची गर्दी नसलेला समुद्र हवा होता. या माणसाचं नाव काय असेल? जॉर्ज कॉर्बिन!

३७० वर्षांपूर्वी कॉर्बिन नावाचं जहाज फुटलं आणि त्यातून नाइलाजाने राहिलेला पाहुणा आला. आता कॉर्बिन नावाचाच माणूस हौसेचे पाहुणे घेऊन आला. निव्वळ योगायोग. पण इतिहास वाचताना असा योगायोग भेटला की मला फार मजा येते.

फेब्रुवारी १९७२ मध्ये कॉर्बिन इटालियन पाहुण्यांचा एक गट घेऊन मालेला आला. मालेत हॉटेल नव्हतं. बँक नव्हती. पाहुण्यांना घरांमध्ये उतरवलं. मोहम्मद उमर मनिकू आणि हुसेन अफीफ ही तरुण मंडळी नसीमसोबत सरबराईला उभी राहिली. मासे पकडले, भाजले, वाढले. पाहुणे एवढे खूश की परत येऊ म्हणाले.

त्याआधी संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ येऊन गेले होते आणि इथे पर्यटन जमणार नाही असं त्यांचं मत पडलं होतं, असं तिकडे आवर्जून सांगतात. कारणंही समजण्यासारखी होती. वीज नाही, फोन नाही, विमानतळ म्हणजे हुलुले बेटावरची एक छोटी धावपट्टी.

या तरुणांनी तरीही रिसॉर्ट बांधलं. ३ ऑक्टोबर १९७२ ला ते सुरू झालं. खोल्या ३०. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, छप्पर झावळ्यांचं. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर हॅम रेडिओ आणि मोर्स कोड. बुकिंग कन्फर्म व्हायला किती वेळ लागत असेल, विचार करा. नाव ठेवलं 'कुरुंबा'. दिवेहीत कुरुंबा म्हणजे शहाळं. माझ्या बहिणीच्या हातातलं ते शहाळं आठवलं?

आणि बेट कोणतं? विहामनाफुशी.

त्या लोकांनी मुद्दाम कबरीवर रिसॉर्ट उभं केलं, असं मी म्हणत नाही. बेट मालेपासून जवळ, विमानतळापासून जवळ, माडांचं आणि रिकामं. व्यवहाराचा निर्णय होता. पण ते 'रिकामं' का होतं आणि तिथे याआधी कुणाला का नेलं होतं, हे विचारलं की उत्तर एकच येतं. शहरापासून हाकेच्या अंतरावर, पण शहरापासून तोडलेलं. सत्तेला नको असलेला माणूस ठेवायला हीच जागा बरी, आणि गर्दी नको असलेला पाहुणा ठेवायलाही हीच.

एकाच वेळी दोन बेटं

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, जुन्या काळी शिक्षा होती, मग काळ बदलला. तसं सरळ झालं नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालू होत्या.

कुरुंबा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. १९७३ मध्ये सरकारवर टीका केली म्हणून एका पस्तिशीच्या शिक्षकाला अटक झाली आणि चार वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. उत्तरेतल्या मकुनुदू बेटावर त्याला पाठवलं. काही महिन्यांनी त्याची सुटका झाली. तो शिक्षक म्हणजे मौमून अब्दुल गयूम. १९७८ मध्ये हेच गयूम राष्ट्राध्यक्ष झाले आणि ३० वर्षं त्या खुर्चीवर बसले. मग त्यांच्याच राज्यात विरोधकांना बेटांवर पाठवलं गेलं. मोहम्मद नशीद नावाच्या पत्रकारालाही हद्दपारी झाली. आणि २००८ मध्ये याच नशीदनी पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत गयूमना हरवलं! समुद्राखाली श्वासाच्या नळ्या लावून मंत्रिमंडळाची बैठक घेणारे ते हेच, ऑक्टोबर २००९.

आता मकुनुदूची गंमत. याच नावाचं दुसरं एक छोटं बेट मालेच्या जवळच्या अटोलमध्ये आहे. तिथे काय आहे? छोटंसं, शांत, गर्दीपासून लांब असलेलं रिसॉर्ट. एका देशात एकाच नावाची दोन बेटं. एकावर पाठवायचे, दुसऱ्यावर पैसे भरून जायचं.

एकांत कसा बनतो

गयूम यांच्या काळात या धंद्याला शिस्त लागली. १९७९ मध्ये पर्यटनाचा कायदा आला, १९८१ मध्ये विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. तत्त्व ठरलं : एक बेट, एक रिसॉर्ट. वस्ती नसलेलं बेट सरकारने भाड्याने द्यायचं. बांधकाम बेटाच्या ठरावीक हिश्श्यापुरतंच. इमारत माडांच्या डोक्यावर जाता कामा नये. आज रील बघताना बेट हिरवंगार आणि घरं लपलेली दिसतात ना, त्याच्यामागे या नियमांचा हात आहे. हे खरंच चांगलं काम. आपल्याकडचे काही किनारे बघितले की या नियमांची किंमत कळते.

पण त्याच धोरणाची दुसरी बाजू होती. मालदीव हा मुस्लिम देश. वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी, कपड्यांचे संकेत कडक. रिसॉर्टच्या बेटावर मात्र दारू चालते, बिकिनी चालते. दोन्ही जगं एकमेकांना भेटू नयेत, म्हणून समुद्र मध्ये ठेवला. सुरुवातीला काही हौशी प्रवासी गावच्या बेटांवर स्वस्तात राहायचे, तेही १९८० च्या दशकात बंद केलं. पाहुण्याने रिसॉर्टवर राहायचं, गावकऱ्याने गावात. पाहुण्यांचा पैसा बहुतेक रिसॉर्ट आणि सरकारच्या तिजोरीत. गावातल्या माणसाला त्यातलं मिळणार काय, तर नोकरी, तीसुद्धा घर सोडून.

आणि रिसॉर्टवरचं ते 'कुणीच नाही' बघा. प्रत्येक रिसॉर्टला स्वतःची वीज बनवावी लागते, त्यासाठी जनरेटर. पिण्याचं पाणी समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून बनवायचं, त्याचा प्लांट वेगळा. भाजी, अंडी, तांदूळ, टॉवेल सगळं बोटीने. हे चालवायला माणसं लागतात आणि ती त्याच छोट्या बेटावर राहतात. बहुतेक ठिकाणी बेटाच्या मधोमध, दाट झाडीच्या आड. स्थानिक मुलं, बांगलादेशी, श्रीलंकन आणि आपले भारतीयही. त्यांच्या खोलीतून समुद्र दिसतोच असं नाही. स्थानिक बायका या कामात फार कमी, कारण घरापासून दूर बेटावर राहायचं हे घरच्यांना मान्य नसतं.

कचऱ्याचंही तसंच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मालेजवळच्या तिलाफुशी या उथळ जागेत देशाचा कचरा टाकायला सुरुवात झाली. टाकून टाकून त्याचं बेटच तयार झालं. म्हणजे एक बेट पाहुण्यांना, एक कैद्यांना आणि एक कचऱ्याला. प्रत्येक नकोशी गोष्ट समुद्रापलीकडे ढकलता येते, ही सवय छोट्या बेटांच्या देशाला फार सहज लागते.

कुंपणाच्या दोन बाजू

एका बेटावर हे सगळं एकत्र बघायला मिळतं. माफुशी. इथे देशाचा मोठा तुरुंग आहे. सप्टेंबर २००३ मध्ये या तुरुंगात १९ वर्षांच्या एका कैद्याचा मारहाणीत जीव गेला. त्यावरून मालेत दंगल उसळली, आणि ज्या चळवळीतून पुढे लोकशाही आली तिची ठिणगी इथे पडली असं मानतात.

नशीद सरकारच्या काळात वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस काढायला परत परवानगी मिळाली. त्याचा सगळ्यात जास्त फायदा कुणी उचलला? माफुशीने. आज बजेटमध्ये मालदीव करणारे आपल्याकडचे बहुतेक तरुण तिथेच उतरतात. गावच्या लोकांनी स्वतःच्या घरावर मजला चढवला, चार खोल्या काढल्या, बोट घेतली. मधली भिंत पडली आणि पैसा पहिल्यांदा गावच्या गल्लीत आला.

समुद्राची जागा मात्र कुंपणाने घेतली. गावच्या किनाऱ्याचा एक तुकडा आडोसा करून 'बिकिनी बीच' केला. त्या बाजूला पाहुणे, या बाजूला गाव. आणि त्याच बेटाच्या एका टोकाला तुरुंगाची भिंत. भांडणंही होतात, आमच्या किनाऱ्यावर आम्हालाच परकं का वाटावं, असं काही लोक म्हणतात. पण निदान भांडण समोरासमोर होतं. मला हे त्या आधीच्या शांततेपेक्षा बरं वाटतं.

आपला काय संबंध?

जानेवारी २०२४ आठवतोय? पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, फोटो आले, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी वाह्यात शेरे मारले, तिघेही निलंबित झाले. इकडे सगळ्यांच्या टाइमलाइनवर 'बॉयकॉट मालदीव'. मालदीवला काही तो धंदा बसला नाही, त्या वर्षी तिथे २० लाखांहून जास्त पर्यटक गेले. १९७२ मध्ये जेमतेम हजारभर आले होते.

पण तेव्हा आपण सगळे एक वाक्य बोलत होतो : लक्षद्वीपचं मालदीव करा. मीही तसं स्टेटस टाकलं होतं, खोटं कशाला बोलू. आता वाटतं, कुठलं मालदीव? लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर मालदीवचीच भाषा बोलतात. वस्तीच्या बेटांवर तिथेही दारूबंदी आहे आणि बंगारम या वस्ती नसलेल्या रिसॉर्टच्या बेटावर सूट आहे. म्हणजे साचा ओळखीचा आहे. माडांच्या वर इमारत न नेणारं मालदीव आपल्याला हवंय, की गावकऱ्याला समुद्रापलीकडे ठेवणारं? आणि हा प्रश्न फक्त लक्षद्वीपचा नाही. कोकणात उद्या एखाद्या गावाचा किनारा रिसॉर्टला गेला, तर संध्याकाळी जाळं वाळत घालायला तिथल्या माणसाने कुठे जायचं?

निवांत जागी जाऊच नका, असं मला अजिबात म्हणायचं नाही. मुंबईच्या लोकलमध्ये रोज तीन तास काढणाऱ्या माणसाला चार दिवस 'कुणीच नाही' हवं वाटणं यात काय चूक? शिक्षा आणि सुट्टी यांत एक मोठा फरक आहेच. सुट्टीला गेलेल्याकडे परतीचं तिकीट असतं. अमीन दीदींकडे ते नव्हतं. पिरारला ते मिळायला पाच वर्षं लागली. आणि झाडीआडच्या खोलीत राहणाऱ्या पोराला ते सुट्टी मंजूर झाली की मिळतं.

हे सगळं मी बहिणीला पाठवलं. ती चिडली. म्हणाली, "दादा, हनिमूनला तरी इतिहास शिकवू नकोस." बरोबरच होतं तिचं. पण तिसऱ्या दिवशी रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. खोली आवरायला येणाऱ्या मुलाशी ती बोलली होती. घर दोन अटोल पलीकडे, आठ महिन्यांची मुलगी, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. त्याने तिला मुलीचा फोटो दाखवला, तिने त्याला लग्नाचे दाखवले. मेसेजच्या शेवटी ती म्हणाली, "दादा, इथे आहेत रे माणसं."

बस, एवढंच. तुमच्या गावाजवळचं असं एखादं बेट, किल्ला, किनारा जो आधी वेगळ्याच कामाचा होता आणि आता पिकनिक स्पॉट झालाय, तो आम्हाला नक्की कळवा. एखादा भाग त्यावर करू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या भागात!